नेट सारखं तुटतंय: जुन्या घरगुती नेटवर्कमधला बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा

काही घरांत नेटवर्क आठ-दहा वर्षांपूर्वी बसवलं गेलं आणि नंतर त्यात भर पडत गेली. टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम जाऊन फायबर आलं, पण हॉलमधला एका अँटेनाचा राउटर, आतल्या खोलीत नेलेली लॅनची वायर आणि टेबलावरचा डेस्कटॉप तेच राहिले. अशा घरात नेट पूर्ण बंद पडत नाही. ते अधूनमधून जातं आणि परत येतं. तंत्रज्ञ येतो तेव्हा नेमकं चालू असतं, तो राउटर बंद-चालू करून जातो आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच रड सुरू होते.

‘नेट गेलं’ ही एक तक्रार वाटते, पण तिच्यामागे चार वेगळे बिघाड असू शकतात: बाहेरची लाइन, वीज, घरातली वायर किंवा वायफाय, आणि खुद्द कॉम्प्युटर. यातला कोणता हे ठरवल्याशिवाय सेटिंग बदलू नका, नवा राउटरही आणू नका.

लक्षणं

तुमच्याकडे काय होतं ते या यादीत शोधा. दोन-तीन लक्षणं एकदम जुळली तरी हरकत नाही.

- मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर सगळ्यांवरचं नेट एकाच वेळी जातं आणि तीन-चार मिनिटांनी आपोआप येतं. राउटर स्वतःच बंद होऊन चालू होत असावा किंवा बाहेरची लाइन तुटत असावी.
- मोबाइलवर चालतं, फक्त डेस्कटॉपवर नाही. वायर, लॅन पोर्ट किंवा विंडोज.
- वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात, पण ‘इंटरनेट नाही’ असं येतं. राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, पुढे तुटलंय.
- काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात, किंवा कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. लाइन ठीक असते, दोष बहुधा कॉम्प्युटरच्या तारखेत, जुन्या ब्राउझरमध्ये, डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) किंवा एमटीयूमध्ये (एका वेळी जास्तीत जास्त किती बाइटचं पाकीट पाठवायचं ती मर्यादा) असतो.
- लाइट जाऊन आली की नेट येत नाही, राउटर हाताने बंद-चालू करावा लागतो.
- पाऊस लागला की जातं, ऊन पडलं की येतं. बाहेरची वायर किंवा जॉइंट.
- घरातल्या एकाच खोलीत त्रास होतो. वायफाय.

आधी एक इशारा: टाचणीच्या भोकातलं बटन दाबू नका

राउटरच्या मागे बारीक भोकात एक बटन असतं. ते रीसेटचं आहे, रीस्टार्टचं नाही. टाचणीने दहा सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. पीपीपीओईचं (नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायची पद्धत) युजरनेम आणि पासवर्ड, काही कंपन्यांच्या लाइनला लागणारा व्हीलॅन क्रमांक, वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. फायबरच्या डब्यावर (बाहेरून आलेली फायबरची वायर ज्या उपकरणात लागते त्यावर) हा प्रयोग केला तर अनेकदा कंपनीचा माणूस आल्याशिवाय लाइन परत चालू होत नाही, कारण त्यातली सेटिंग ग्राहकाला दिलेलीच नसतात. अधूनमधून जाणारं नेट कायमचं घालवायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

रीस्टार्ट करायचं तर फक्त प्लग काढा.

१. कागद आणि पेन

दोन-तीन दिवस राउटरशेजारी कागद ठेवा. नेट गेलं की वेळ लिहा, त्या क्षणी कोणत्या लाइटी लागल्या होत्या ते लिहा आणि मोबाइलवर चालू होतं का तेही लिहा. पंप सुरू झाला, इन्व्हर्टरवर गेलं, पाऊस होता, असं काही घडलं असेल तर त्याचीही नोंद करा. रोज संध्याकाळी सात ते अकराच्या दरम्यान मंद होत असेल तर गर्दीचा प्रश्न आहे: एकतर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी किंवा कंपनीच्या लाइनवरची. पाणी भरायच्या वेळी जात असेल तर विजेकडे बघायचं. हा कागद तंत्रज्ञाच्या हातात दिला की ‘आत्ता तर चालू आहे’ हे उत्तर पुरत नाही.

याच वेळी पॅक संपलाय का आणि शेजारच्या घरी त्याच कंपनीचं नेट चालू आहे का, हेही विचारून घ्या.

२. योग्य क्रमाने बंद-चालू

सगळ्यांचे प्लग काढा आणि एक मिनिट थांबा, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज जातो. आधी फायबरचा डबा किंवा मोडेम लावा आणि त्याच्या लाइटी स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. मग राउटर. त्यानंतर आणखी दोन मिनिटांनी कॉम्प्युटर.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण लाइट आल्यावर सगळी उपकरणं एकदम जागी होतात. राउटर लवकर तयार होतो आणि लाइन मागतो, तोवर फायबरचा डबा कंपनीशी जोडलेलाच नसतो. नवे राउटर पुन्हा पुन्हा विचारत राहतात, काही जुने मात्र तिथेच अडकून बसतात. म्हणून ‘लाइट गेली की नेट येत नाही’ या लक्षणाचं उत्तर इथेच सापडण्याची शक्यता मोठी आहे. तसं असेल तर दोन्ही उपकरणं एका छोट्या १२ व्होल्टच्या राउटर यूपीएसवर घ्या (दोन्ही १२ व्होल्टचीच आहेत ना, ते आधी वाचून). घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका यूपीएस मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडवर विजेवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. दिवे-पंख्यांना ते कळत नाही, राउटर मात्र तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

३. लाइटी वाचा

फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा आणि लॉस विझलेला, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाश येतोय आणि कंपनीने डबा ओळखलाय. लॉस लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाही, मग राउटरमध्ये आणि विंडोजमध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही. पॉन लुकलुकत राहिला तर नोंदणी होत नाहीये, आणि तेही काम कंपनीचंच.

कंपनीला फोन करण्याआधी डोळ्यांनी एवढं बघा. डब्यात जाणारी पातळ वायर कपाटामागे दबली आहे का? खिळ्याला गुंडाळून तिचं बारीक वेटोळं केलंय का? वेटोळं निदान सहा सेंटीमीटर रुंद असावं, त्याहून आवळलं तर काचेतला प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. टोकाचा हिरवा कनेक्टर पूर्ण आत बसून ‘टक्’ वाजलाय का? यापुढे हात लावू नका. कनेक्टर काढून त्यात डोकावू नका: तो लेसरचा प्रकाश आहे, डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. टोक बोटाने किंवा शर्टाने पुसूही नका. बोटाचं तेल त्या टोकावर बसलं तरी सिग्नल घसरतो.

४. पिंग: तुटतंय कुठे याचा खरा पुरावा

पिंग म्हणजे दुसऱ्या उपकरणाला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. पैसा लागत नाही आणि वेळ दहा मिनिटांचा. एवढ्यावर निम्मं निदान होतं.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. कॉम्प्युटरवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.)

विंडोजचं बटन दाबून ठेवून ‘आर’ दाबा. उघडलेल्या चौकटीत ‘सीएमडी’ ही तीन अक्षरं टाइप करून एंटर करा. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ असा सलग शब्द टाइप करा. ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा हा तुमच्या राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. स्वतःच्या आयपी पत्त्याची सुरुवात १६९.२५४ ने होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने तो मनाने घेतलाय. अशा वेळी थेट वायरकडे जा, सहावा मुद्दा.

पत्ता ठीक असेल तर अशाच दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत ‘पिंग १९२.१६८.१.१ -टी’ टाइप करा (तुमच्या राउटरचा जो पत्ता असेल तो), दुसरीत ‘पिंग ८.८.८.८ -टी’ (हा बाहेरच्या इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता). दोन्ही चालू ठेवून आपलं काम करा. नेट गेलं की लगेच बघा कुठल्या खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतंय.

दोन्हीकडे येत असेल तर कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामध्येच तुटलंय, कंपनीचा दोष नाही. त्याच क्षणी राउटरकडे बघा: सगळ्या लाइटी विझून पुन्हा लागत असतील तर वीज, पाचवा मुद्दा. लाइटी शांत असतील तर वायर किंवा वायफाय.

राउटरची खिडकी चालू आणि ८.८.८.८ ची बंद असेल तर दोष राउटरच्या पुढे आहे. राउटर-फायबर डब्यामधली हातभर वायर बदलून बघा, तेवढ्याने भागलं नाही तर कंपनीला बोलवा.

दोन्ही व्यवस्थित चालू आहेत आणि तरी साइट उघडत नाही? मग लाइन निर्दोष आहे. आठव्या मुद्द्याकडे चला.

मिलीसेकंदांचे आकडेही वाचा. वायरवर राउटरचं उत्तर एका मिलीसेकंदाच्या आत यायला हवं, वायफायवर दहाच्या आत. राउटरच जर मध्येच दोनशे-तीनशे दाखवत असेल तर वायफायमध्ये गडबड आहे, बाहेरच्या लाइनवर खापर फोडू नका. पिंग थांबवायला कंट्रोल दाबून ‘सी’.

५. ॲडॉप्टर

जुन्या नेटवर्कमध्ये दोष द्यायचा झाला तर राउटरच्या आधी त्याच्या ॲडॉप्टरला द्यावा. वर्षानुवर्षं चोवीस तास गरम राहून त्यातले कपॅसिटर सुकतात. राउटर निवांत असताना तो हवा तेवढा व्होल्टेज देतो. घरात चार मोबाइल एकदम लागले, वायफायचा भार वाढला, की व्होल्टेज खाली बसतो आणि राउटर स्वतःच पुन्हा सुरू होतो. तीन मिनिटांनी सगळं पूर्ववत. हे रात्री, घरात सगळे असताना जास्त होतं, म्हणून लोक कंपनीच्या गर्दीला नावं ठेवतात.

मल्टीमीटर असेल तरी फसगत होते, कारण सुटा मोजला तर मरायला टेकलेला ॲडॉप्टरही १२ व्होल्ट दाखवतो. खरी परीक्षा भार असताना. त्यामुळे सोपा मार्ग म्हणजे बदलून पाहणं. जुन्या ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा आणि तीन गोष्टी जुळवा. व्होल्ट अगदी तेवढेच: ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावला तर राउटर जळू शकतो. अँपिअर तेवढे किंवा जास्त: ०.६ लिहिलंय तिथे १ चालतो, १ लिहिलंय तिथे ०.६ चालत नाही. आणि पिन: तिची जाडी, आणि लेबलावरच्या गोल चिन्हात अधिक आत आहे की बाहेर. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण असलेलाच घ्या. दोन-तीनशे रुपयांत काम होतं, राउटर त्याच्या कैकपट महाग.

प्लग जिथे बसतो तो सॉकेटही हलवून बघा. जुन्या बोर्डातली पट्टी सैल झाली असेल तर पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली तरी राउटर बंद पडतो.

६. लॅनची वायर

वायर काढून टोक उजेडात धरा. पारदर्शक कनेक्टरच्या पाठीवर एक लवचीक पट्टी असते, पोर्टमध्ये घातल्यावर ‘टक्’ करून अडकते ती. जुन्या वायरींची ही पट्टी हमखास तुटलेली असते. कनेक्टर पोर्टमध्ये बसलेला दिसतो, दिवाही लागतो, पण खुर्ची टेबलाला लागली की तो केसभर मागे सरकतो आणि संपर्क तुटतो. आता पुढच्या बाजूने बघा: आठ सोनेरी पट्ट्या चकचकीत हव्यात. मुंबईत, कोकणात, गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट-काळा थर चढतो. असं टोक पुसत बसू नका, कापून नवं लावा.

वायरच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळात. १०० एमबीपीएसला त्यातल्या फक्त चार लागतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही. उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली तर नेट बंद न पडता वेग गुपचूप उतरतो. नेटवर्क कनेक्शन्समध्ये ‘ईथरनेट’वर उजवी टिचकी मारून ‘स्टेटस’ बघा. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही १०० चे असताना ‘१० एमबीपीएस’ दिसत असेल, किंवा दोन्ही गिगाबिटचे असून १०० दिसत असेल, तर वायरवर संशय घ्यायचा.

आता वायर सगळ्या लांबीभर बघून या. दाराच्या फटीत चेपली आहे का, खिळ्याने भोसकली आहे का, उंदराने कुरतडली आहे का. विजेच्या वायरीसोबत एकाच पट्टीतून नेली असेल तर ती वेगळी करा: मोटर, पंप सुरू होताना उठणारा खरखराट तिच्यात उतरतो, शिवाय ते धोक्याचंही आहे. मध्ये तारा हाताने पिळून काळी टेप गुंडाळलेला जॉइंट असेल तर बिघाड बहुतेक तिथेच आहे. टेलिफोनच्या तारेला असा जॉइंट चालायचा. लॅनच्या सिग्नलला तारांचा पीळ अखंड लागतो.

सगळ्यात खात्रीची चाचणी: दहा-पंधरा मीटरची तयार वायर आणा, भिंतीत न घालता जमिनीवरूनच राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत टाका आणि एक दिवस वापरा. त्रास थांबला तर भिंतीतली वायर दोषी. तीच वायर पुढे कायमची वापरता येते, पैसे वाया जात नाहीत.

नवं टोक लावायचं असेल तर रंगांचा क्रम असा, कनेक्टरची पट्टी खाली धरून डावीकडून उजवीकडे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. पीळ सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त सोडवू नका आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत येऊन दाबलं जाईल असं बघा, नाहीतर ओढ तारांवर येते. वायर घेताना अस्सल तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, पण दोन-चारदा वाकवली की आतल्या आत तुटते.

गच्चीवरून आलेली वायर असेल तर उन्हाने आवरणाला तडे जातात आणि पाणी वायरीच्या आतून घरंगळत थेट कनेक्टरपर्यंत येतं. खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. आणि मे-जूनमधल्या वळवाला किंवा परतीच्या पावसात आकाशात काळे ढग जमू लागले की बाहेरून आलेली तांब्याची वायर राउटरमधून काढून ठेवा. वीज जवळ पडली तर लॅन पोर्ट त्या वायरीवाटेच जळतात. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावू नका, ढग दिसताच काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण त्याच्या ॲडॉप्टरमधून येते, तेव्हा तोही प्लग काढलेला बरा.

७. वायफाय

जुने राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीत वीस राउटर असतील तर हे तीन वीस जणांत वाटले जातात. मोबाइलवर एखादं वायफाय ॲनालायझर ॲप घेऊन सर्वांत मोकळा चॅनल बघा आणि राउटरमध्ये ‘ऑटो’ऐवजी तो ठरवून द्या. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० वर वेग जास्त दिसतो, पण गर्दीत तोच सतत तुटतो.

जागाही बदलून बघा. राउटर लोखंडी कपाटावर, टीव्हीमागे किंवा जमिनीवर ठेवू नका. जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या जाड भिंती वायफाय गिळतात. अशा घरात दुसऱ्या खोलीत वायर नेण्याला पर्याय नाही. डेस्कटॉपला यूएसबीचा वायफाय डोंगल मागच्या बाजूला लावला असेल तर तो पत्र्याच्या डब्याच्या आडोशाला बसतो, आणि शेजारी यूएसबी ३ चा पोर्ट असेल तर त्याचाही २.४ च्या पट्ट्यात अडथळा होतो. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणा. एवढ्याशा बदलाने बरीच तुटातूट थांबते.

दोन राउटर असतील तर

फायबरच्या डब्यात हल्ली राउटर आतच असतो, आणि जुना राउटर ‘राहू दे’ म्हणून त्याला जोडलेला असतो. दोघेही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात, दोघेही पत्ते वाटतात. ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता उपकरण घेतं, म्हणून आईच्या मोबाइलवर चालतं आणि तुमच्यावर नाही, उद्या त्याच्या उलट. कितीही वेळा रीस्टार्ट केलं तरी हे सुटत नाही.

उपाय: कॉम्प्युटर फक्त जुन्या राउटरला वायरने जोडा. त्याच्या सेटिंगमध्ये लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा. मग फायबर डब्याच्या लॅन पोर्टमधून येणारी वायर जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरची लाइन लावायच्या) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. आता पत्ते एकच जण वाटेल आणि जुना राउटर फक्त वायफाय पसरवेल.

८. कॉम्प्युटर

सगळ्यात आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवर सीआर२०३२ ही तीन व्होल्टची गोल बॅटरी असते. ती संपली की प्लग काढल्यावर कॉम्प्युटर काही वर्षं मागे जातो. आता प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून साइट उघडत नाही. मोबाइलवर मात्र सगळं सुरळीत. तीस-चाळीस रुपयांची बॅटरी, बंद कॉम्प्युटरचा प्लग काढून बदलायची आणि तारीख लावायची.

तारीख बरोबर असूनही तोच इशारा येत असेल तर विंडोजचं वय बघा. विंडोज ७ चा आधार (म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी अपडेट) १४ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९ क्रमांकाचं. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ३० सप्टेंबर २०२१ ला एक खूप वापरलं जाणारं मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं, तेव्हापासून अपडेट बंद ठेवलेल्या जुन्या मशीनवर असंख्य साइट अडतात. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रांची यादी सोबत आणतो, म्हणून तो टाकून बघा. चालला तर दोष नेटचा नाही हे पक्कं झालं. पण बँकेचे व्यवहार अशा मशीनवर करू नका.

मग पॉवर सेव्हिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर, त्याच्या प्रॉपर्टीज, ‘पॉवर मॅनेजमेंट’. तिथे वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. कॉम्प्युटर थोडा वेळ सोडून परत आलात की नेट गेलेलं असतं, त्याचं कारण बहुधा हेच.

८.८.८.८ ला पिंग जातो पण साइट नावाने उघडत नाही, तर डीएनएस. कॉम्प्युटरमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून बघा. त्याने सुटलं तर राउटरमधलेही डीएनएस आकडे तपासा. जुन्या, अपडेट न केलेल्या राउटरमध्ये घुसून हे आकडे बदलणं ही ठकांची जुनी रीत आहे. अनोळखी आकडा दिसला तर तो बदला आणि राउटरचा ‘ॲडमिन’ हा मूळ पासवर्डही लगेच बदला.

थोड्याच साइट अर्धवट उघडून अडकत असतील आणि लाइन पीपीपीओईची असेल तर एमटीयू बघा. ईथरनेटच्या १५०० बाइटमधले ८ पीपीपीओई स्वतःसाठी घेतो, म्हणून राउटरच्या वॅन पानावर १४९२ हवं. ‘पिंग ८.८.८.८ -एफ -एल १४६४’ ही कमांड नीट गेली तर आकडा बरोबर आहे. तुकडे करावे लागतील असा संदेश आला तर १४६४ हा आकडा ८-८ ने कमी करत जा. जो चालेल त्यात २८ मिळवून राउटरमध्ये भरा.

कॉम्प्युटरवरूनच डायल करत असाल तर त्रुटीचा क्रमांक सगळं सांगतो. ६९१ म्हणजे पासवर्ड चुकला किंवा खातं बंद आहे. ६५१, आणि जुन्या एक्सपीवर ६७८, म्हणजे पलीकडून उत्तरच नाही: वायर किंवा लाइन. राउटर किंवा लॅन कार्ड बदलल्यावर हे सुरू झालं असेल तर कंपनीने जुन्या उपकरणाचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असू शकतो. फोन करून नवा नोंदवायला सांगा.

शेवटी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडून ‘नेटश विनसॉक रीसेट’ आणि रीस्टार्ट. एखादा अँटीव्हायरस काढल्यावर बिघडलेलं यातून सुधारतं.

अजून टेलिफोनच्या तारेवर असाल तर

रिसीव्हर उचला. खरखर ऐकू येत असेल तर नेट तुटणारच, आणि ती तार दुरुस्त करणं कंपनीचं काम आहे. खरखर नसेल तर घरातल्या प्रत्येक फोनला फिल्टर आहे का बघा. आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली चालतो, नेट २५ किलोहर्ट्झच्या वर. एकही फोन फिल्टरशिवाय राहिला की बेल वाजताच नेट जातं. मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (खरखरीच्या वर सिग्नलला किती शिल्लक आहे ते) बघा: ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाइन टिकणार नाही. सगळे समांतर फोन काढून मोडेम थेट पहिल्या रोझेटवर (बाहेरची तार घरात येते त्या भिंतीवरच्या डबीवर) लावा. आकडा वाढला तर दोष घरातल्या वायरिंगचा, नाही वाढला तर बाहेरचा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

लॉसचा दिवा लाल, पॉन लुकलुकतोय, किंवा राउटरपर्यंतचा पिंग चालू आणि पुढचा वारंवार बंद: इंटरनेट कंपनी. खांबावर किंवा गच्चीवरच्या डब्यात स्वतः हात घालू नका.

कॉम्प्युटरच्या पत्र्याला किंवा लॅनच्या टोकाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, सॉकेट गरम लागतो, जळका वास येतो: इलेक्ट्रिशियन, आणि तोवर सगळं बंद. झिणझिण्या हे बहुधा अर्थिंग नसल्याचं लक्षण, गरम सॉकेट आणि जळका वास सैल जोडणीचं किंवा जास्त भाराचं. नेट नंतर बघू.

नवीन वायर, चांगला ॲडॉप्टर, तरीही त्याच पोर्टचा दिवा लागत नाही: आधी राउटरचा दुसरा पोर्ट वापरून बघा. कॉम्प्युटरचा पोर्ट गेला असेल तर दुरुस्तीच्या मागे न लागता पीसीआय-एक्स्प्रेसचं लॅन कार्ड किंवा यूएसबी-लॅन ॲडॉप्टर घ्या. राउटर हात टेकवला जात नाही इतका तापत असेल, किंवा नवा ॲडॉप्टर लावूनही आपोआप बंद-चालू होत असेल, तर तो बदलायची वेळ झाली. १०० एमबीपीएसच्या पोर्टांचा राउटर २०० च्या पॅकला जोडला असेल तर तुम्ही अर्ध्या वेगाचे पैसे वाया घालवताय, तेव्हाही बदला.

कंपनीला फोन करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. ‘राउटरला पिंग चालू आहे, ८.८.८.८ ला दिवसातून अमुक वेळा तुटतो, या या वेळांना’ असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. फायबर असेल तर आलेल्या माणसाला पॉवर मीटरने तुमच्या डब्यापाशीच प्रकाश मोजायला लावा. आकडा उणे डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) येतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास असेल तर डबा कसाबसा तग धरून आहे आणि पहिल्या पावसात लाइन जाईल, तेव्हा कनेक्टर साफ करून किंवा जॉइंट नव्याने मारून आकडा सुधारल्याशिवाय त्याला सोडू नका. तो आकडा आणि तारीख डब्याच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी आलं की त्याच्याशी ताडून बघता येईल.